मोबाईल टीव्हीला जोडताना : भातावरील तुडतुड्यांची ओळख

रायपूरजवळ बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिच्या सभोवतालच्या धानपट्ट्यात काय, किंवा गोंदिया-भंडाऱ्यात काय, तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगत बसून रस शोषतात. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याला पंखांच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो. हा फरक मोबाईलच्या पडद्यावर मागच्या रांगेला दिसत नाही, आणि घरी परतलेला शेतकरी शेंड्यावरच फवारतो. म्हणून शेतीशाळेत टीव्ही हवा.

टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर फोनला लावावा, त्यातून एचडीएमआय केबल टीव्हीला जोडावी आणि रिमोटवरून तेच इनपुट निवडावे. मात्र पिन बसली म्हणजे चित्र उमटेलच असे नाही! फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्टर्नेट मोड’ असावा लागतो. अनेक स्वस्त फोनमध्ये तो नसतो. अशा फोनला हा अडॅप्टर कितीही महागाचा घेतला तरी व्यर्थ. खरेदीपूर्वी दुकानातच फोन जोडून पाहावा. सोय नसल्यास छायाचित्रे पेनड्राइव्हमध्ये घेऊन तो टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावावा. एवढ्याने काम भागते.

चित्र पाहून झाल्यावर सर्वांनी बांधावर जावे आणि चुडाचा बुंधा फाकवून तोच कीटक शोधावा.