रिटर्नच्या हंगामाआधी भाचीला पत्र

पनवेल

चि. राणी,

पत्रास कारण, परवा फोनवर तू बोललीस ते एक वाक्य: "मामा, आमच्या ऑफिसात सगळं ड्राइव्हवर असतं, त्यामुळे काही जायची भीती नाही." सीएच्या ऑफिसात तू नुकतीच आर्टिकल म्हणून लागली आहेस. रिटर्नचा हंगाम तोंडावर आहे आणि तो सुरू झाला की तुला पत्र वाचायलाही सवड मिळायची नाही, म्हणून आत्ताच सविस्तर लिहितो. तुझं ते वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुझ्या हातांवर अवलंबून आहे.

तुझ्या टेबलावर काय येतं ते आधी नीट बघ. पार्टी, म्हणजे क्लायंट, पॅन देते, आधार देते, बँकेची स्टेटमेंट देते, घराच्या कर्जाचे कागद देते. कुणाचं शेत विकलं गेलं, कुणाला विम्याचे पैसे आले, कुणाच्या धंद्यात खोट आली, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी तुला कळणार आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची गरज नसताना दुसऱ्याला सांगणं हे सीएचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे. कायदा झाला तेव्हा माहिती तोंडून नाहीतर कागदावरून बाहेर जायची. आता ती कुणी अवाक्षर न बोलता जाते, आणि जबाबदारी मात्र तेवढीच राहते.

कशी जाते ते सांगतो. ड्राइव्हवरची फाइल दोन तऱ्हांनी शेअर होते. एक, ज्याला द्यायची त्याचा ईमेल पत्ता लिहून फक्त त्यालाच. दुसरी, लिंक ज्याच्याकडे असेल त्या कोणालाही. हंगामात पार्टीचा मेसेज येतो, "मॅडम, फाइल उघडत नाही," आणि घाईत आपण दुसरी तऱ्हा निवडून मोकळे होतो. पार्टी ती लिंक कर्ज करून देणाऱ्या एजंटाला पाठवते, एजंट पुढे आणखी कुणाला. अशा लिंकला ना पासवर्ड लागतो, ना ओळख. कागद कुणी पाहिले हे तुला कधीच कळत नाही, आणि काम संपलं तरी लिंक चालूच राहते. फोल्डरच्या बाबतीत तर आणखी जपायला हवं. आज एका कागदासाठी शेअर केलेल्या फोल्डरमध्ये तू पुढच्या महिन्यात जे टाकशील, तेही त्याच माणसांना दिसतं. तेव्हा फोल्डर देऊ नकोस, फाइल दे. ईमेल पत्त्यावर दे, फक्त पाहण्यापुरती दे आणि काम झालं की परवानगी काढून घे. पार्टीला ईमेल जमत नसेल, तर प्रिंट काढून हातात दे. त्यात कमीपणा नाही.

आता एका फाइलबद्दल बोलायलाच हवं. बहुतेक कर सल्लागारांकडे एक एक्सेल शीट असते. तीत सगळ्या पार्ट्यांची नावं, पॅन, जन्मतारखा, पोर्टलचे पासवर्ड आणि ओटीपी येणारे मोबाइल नंबर ओळीने लिहिलेले असतात. तुमच्याकडेही असेल. कामाची निकड मला समजते, पण ऑफिसात याहून धोकादायक वस्तू दुसरी नाही. ही फाइल उघडायला स्वतंत्र पासवर्ड हवा (एक्सेलमध्येच तशी सोय आहे) आणि ती ज्यांना रोज लागते त्या दोन-तीन माणसांपलीकडे कुणाला दिसता कामा नये. तुला ती लागत नसेल, तर स्वतःहून सरांना सांग की मला यातून काढा.

याच ओघात आणखी एक गोष्ट. आधारची पीडीएफ नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल घातलं की उघडते. आयकर खात्याचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) पॅन आणि जन्मतारखेवर उघडतं. म्हणजे पार्टीच्या फोल्डरात पॅनकार्डाचा फोटो आणि ती 'पासवर्ड असलेली' पीडीएफ शेजारी-शेजारी पडल्या असतील, तर कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगल्यासारखं झालं. फाइलला पासवर्ड आहे एवढ्यावर विसंबू नकोस. फोल्डर कुणाला उघडतो, तेच शेवटी महत्त्वाचं.

डिजिटल सहीचं टोकन तर पार्टीची सहीच असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यातल्या गुप्त कीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी सही ज्याची त्याच्यावर टाकली आहे. टोकन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर निदान त्यावर चिठ्ठी लावून पिन लिहू नये, आणि कोणी कधी काढलं याची वहीत नोंद असावी. ती वही तू सुरू केलीस तर मला अभिमान वाटेल.

यावरून मी क्लाउडच्या विरोधात आहे असं समजू नकोस. तुम्हा सांगलीकरांना तर त्याचं मोल वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. हरभट रोड, मारुती चौकाच्या बाजूला तळमजल्यावरची दुकानं, ऑफिसं पाण्याखाली होती. ज्यांच्या हिशेबाची एकुलती एक प्रत तिथल्या मशीनमध्ये होती, त्यांच्या हिशेबाचं काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. शहराबाहेर एक प्रत असणं ही तिथे चैन नाही. ती गरज आहे, आणि क्लाउड ती स्वस्तात भागवतो.

पण क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. तीही कुठली तरी इमारत, तिथली मशीन आणि तिथल्या बॅटऱ्याच असतात. दक्षिण कोरियात सरकारी कर्मचाऱ्यांना कामाचे कागद आपल्या कॉम्प्युटरवर न ठेवता 'जी-ड्राइव्ह' नावाच्या सरकारी क्लाउडवर ठेवायला सांगितलं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि तो सगळा साठा, ८५८ टेराबाइट, जळून गेला. दुसरीकडे त्याची प्रत नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढे असलेल्या देशात हे घडलं.

याहून जवळची एक हकिगत आहे आणि तुझ्या धंद्याशी तिचं थेट नातं आहे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी 'एम.ई.डॉक' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच विषाणू सोडला. २७ जून २०१७ ला तो जगभर पसरला. त्याला नॉटपेट्या म्हणतात. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची मशीन त्याने पाहता पाहता बंद पाडली आणि इथे आमच्या न्हावा-शेवा बंदरातल्या, त्याच समूहाच्या एका टर्मिनलचं कामकाजही ठप्प झालं. कर भरायचं सॉफ्टवेअर युक्रेनमधलं आणि कंटेनर अडकले उरणला! कंपनीला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

त्यातला खरा धडा पुढेच आहे. मेर्स्कच्या सगळ्या नेटवर्कवर कोणाला काय उघडता येईल हे ठरवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांशी सिंक होत असत. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करता येईल, अशी ती योजना. पण सगळे एकाच वेळी पुसले जातील, हे कुणी धरलेलं नव्हतं, आणि नेमकं तेच झालं. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घानामधला एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा ऑनलाइन पाठवणं शक्य नव्हतं. शेवटी माणसाने डिस्क हातात घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली, तिथून दुसऱ्याने ती लंडनला पोचवली. एवढी प्रचंड कंपनी उभी राहिली ती न जोडलेल्या एका प्रतीवर.

तुझ्या मशीनवरचा ड्राइव्हचा फोल्डर हा असाच सिंक होणारा फोल्डर आहे. इथे पुसलंस की तिथेही पुसलं जातं. इथली फाइल विषाणूने बिघडवली की बिघडलेली फाइल इमानेइतबारे वर चढते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल तीस दिवस राहते, नंतर कायमची जाते. मार्चमध्ये चुकून पुसलेला फोल्डर जुलैत आठवला, तर काही हाती लागत नाही. म्हणून सिंकला बॅकअप म्हणू नये. एक प्रत मशीनवर, एक क्लाउडवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी. ती डिस्क बॅकअप घेण्यापुरती जोडायची, मग काढून कपाटात, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क मशीनबरोबरच बिघडते.

टॅलीचा चालू डेटा सिंक फोल्डरमध्ये ठेवून त्यावर काम करू नका. दोन मशीनवर उघडला गेला की डेटा बिघडायची भीती असते. काम ऑफिसच्या मशीनवर करा, संध्याकाळी टॅलीतून बॅकअप घ्या आणि तारीख घालून ती बॅकअपची फाइल वर चढवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेव आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. चोरीच्या पासवर्डाने ड्रॉपबॉक्स या क्लाउड कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं उघडलं गेल्याचं कंपनीने २०१२ साली सांगितलं होतं. त्या काळात चोरीला गेलेली ६ कोटींहून जास्त खात्यांची माहिती २०१६ साली उघडकीला आली. खुर्चीतून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबून स्क्रीन लॉक कर, चहाला गेलीस तरी. ऑफिसच्या क्रोममध्ये तुझं घरचं जीमेल जोडू नकोस. तुझे पासवर्ड तिथे येऊन बसतात आणि त्या मशीनवर बसणाऱ्या पुढच्या आर्टिकललाही उपलब्ध होतात. तसंच ऑफिसची फाइल 'रात्री घरी बघते' म्हणून स्वतःच्या ड्राइव्हवर घेऊ नकोस. आर्टिकलशिप संपल्यावरही ती तिथे राहील आणि ती बाळगायचा तुला अधिकार नसेल. विंडोज अपडेट मागत असेल तर त्याच दिवशी होऊ दे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. आणि झेरॉक्सच्या दुकानात पार्टीचे कागद पाठवू नकोस. त्या मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गावाचे आधार साठलेले असतात.

हंगामात आयकर खात्याच्या नावाने मेल येतील: नोटीस आली आहे, रिफंड अडकला आहे, सोबतची फाइल उघडा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो खरा आहे का हे पोर्टलवर तपासता येतं. मेलमधल्या लिंकवरून नव्हे, स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघड आणि तिथे बघ. तरीही कधी चुकून नको ती फाइल उघडली गेलीच, तर नेटवर्कची वायर काढ, वाय-फाय बंद कर आणि त्याच मिनिटाला सरांना सांग. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन कर. ओरडा बसेल म्हणून गप्प राहायचं नाही. पहिल्या तासात सांगितलेलं बहुतेक वेळा निस्तरता येतं.

लहान तोंडी मोठा घास होईल म्हणून तू सरांशी बोलायला बिचकशील, हे मला ठाऊक आहे. बिचकू नकोस. डिस्कचा खर्च एका पार्टीच्या फीइतकाही नाही, हे त्यांना पटेल.

आक्काला नमस्कार सांग, भाऊजींना तब्येतीला जपायला सांग. आणि माझं एक काम कर. येत्या शनिवारी दुपारी ऑफिस शांत असेल, तेव्हा कुठल्याही एका पार्टीचा महिन्यापूर्वीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. उघडला तर पत्र मिळाल्याचं कळव. उघडला नाही तर सोमवारची वाट न बघता लगेच फोन कर, आपण दोघं मिळून रस्ता काढू.

तुझा,
मामा