सर, चालत नाहीये

फोटो तिरका होता. लॅपटॉपचा पडदा, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, कडेला चहाचा कप. खाली तीन शब्द : ‘सर, चालत नाहीये.’ फेब्रुवारी २०२४, रात्रीचे पावणेबारा.

प्रस्तुत लेखक पुण्यात वेबसाइट बांधण्याची नोकरी करतो आणि शनिवारी दुपारी चार-सहा मुलांना जँगो शिकवतो. असे फोटो त्याला नेहमीचेच. काय चालत नाहीये, कधीपासून, त्याआधी काय बदललं, यातलं काहीच त्यात नसतं. पाठवणारी साताऱ्याकडची, पदवीच्या शेवटच्या वर्षाची. आईच्या बचत गटाचा हिशेब वहीतून संगणकावर आणायचा तिने चंग बांधला होता. लॉगआउटच्या लिंकवर क्लिक केलं की गाडी अडत होती, एवढं पुढच्या निरोपातून कळलं.

लेखकाने जांभई देत उत्तर लिहिलं : ‘लॉगआउट दोन ओळींचं काम आहे. आधी वाचून ये.’ सोबत एरिक रेमंड यांच्या निबंधाचा दुवा जोडला. प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत हे सांगणारा हा निबंध २००१ सालचा. तेव्हापासून अनुभवी प्रोग्रॅमर तो नवशिक्यांच्या अंगावर फेकत आले आहेत. ‘चालता हो’ म्हणण्याची ती सुशिक्षित पद्धत.

‘दोन ओळींचं काम’ ही काही थाप नव्हती. जँगोचा जन्मच घाईतला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या दैनिकाच्या वेबसाइटसाठी २००३ मध्ये ही चौकट आकाराला येऊ लागली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. नाव घेतलं गिटारवादक जँगो राइनहार्टचं. बातमी संध्याकाळच्या आत चढवायची, तर लॉगिन-लॉगआउट कोण रोज नव्याने लिहीत बसणार? म्हणून या गोष्टी तयार मिळतात. लेखकाने अशी लॉगआउटची लिंक शेकडो वेळा लावली होती. त्याच्या मते, चूक मुलीचीच असणार.

ती वाचून आली. तीन ट्युटोरियल पाहिली, तिन्ही काही वर्षांपूर्वीची. तिघांनी तीच लिंक दाखवली, तिने ती अक्षरशः तशीच उतरवली, आणि ती चालली नाही. मग तिने मान्य केलं की आपल्यालाच जमत नाही. लिंक काढून टाकली आणि आईला सांगितलं, काम झालं की ब्राउझर बंद करत जा. आता जँगोचं सेशन मूळ सेटिंगप्रमाणे ब्राउझर बंद केला तरी दोन आठवडे जिवंत राहतं. घरात लॅपटॉप एकच, तो धाकटा भाऊही वापरतो. म्हणजे गटाच्या पैशांची नोंद दोन आठवडे भावासमोर उघडी.

हे लेखकाला शनिवारी कळलं. शेजारी बसून त्याने लिंक परत लावायला सांगितली आणि क्लिक करायला लावलं. क्रोमने इंग्रजीत लिहिलं, हे पान चालत नाहीये. अडचण कायम राहिली तर साइटच्या मालकाशी संपर्क साधा. मालक तीच! तिचा रात्रीचा ‘चालत नाहीये’ हा आळस नव्हता, पडद्यावर दिसलेल्या वाक्याचा तो बऱ्यापैकी प्रामाणिक अनुवाद होता. त्याखाली बारीक अक्षरांत आकडा होता : ४०५. आणि मागच्या टर्मिनलच्या खिडकीत सरळ लिहिलं होतं, ‘मेथड नॉट अलाउड’, कंसात ‘गेट’. ती खिडकी नवशिका छोटी करून ठेवतो. तिथे काही वाचायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आवृत्ती पाहिली. ५.०, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये आलेली. लेखकाच्या कचेरीतलं काम अजून ३.२ वर अडकलेलं. साध्या लिंकने लॉगआउट करण्याची सोय जाणार, अशी सूचना ४.१ मध्येच दिली गेली होती आणि ५.० मध्ये ती सोय खरोखर काढली. कारणही पटण्यासारखं : लिंक उघडणं म्हणजे ‘गेट’, नुसतं पाहणं. पाहण्याने काही बदलू नये असा वेबचा जुना दंडक आहे. नाहीतर दुसऱ्या कुठल्या पानावर चित्राच्या जागी तो पत्ता ठेवला तरी माणूस नकळत बाहेर फेकला जाईल. लिंकच्या जागी ‘पोस्ट’ पद्धतीचा छोटा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन आणि एक बटण, एवढाच उपाय. सहा मिनिटं लागली.

मुलीचं संशोधन कच्चं होतं, मान्य. पण उत्तर देणाऱ्याचं त्याहून कच्चं होतं, आणि त्याचा आवाज मात्र चढा होता.

घरी येऊन लेखकाने तो निबंध पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. (वर्षानुवर्षं इतरांना पाठवला, स्वतः निम्म्यातच सोडला होता.) शेवटाकडे एक विभाग उत्तर देणाऱ्यांसाठी आहे. तिथे रेमंड बजावतात की सौम्यपणे बोला, खात्री नसेल तर तसं कबूल करा, ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर हे उत्तर न देण्यापेक्षा वाईट. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमरांच्या शिबिरात तर लेखी नियमच आहे : कोणाला एखादी गोष्ट माहीत नसली तर आश्चर्याचा आव आणायचा नाही. आपल्याकडच्या ‘अरे, एवढंही येत नाही?’ला तिथे बंदी.

पण अपराधी वाटलं की माणूस उलट्या बाजूला कलंडतो. मार्चमध्ये तिचा पुन्हा निरोप आला : हप्ता भरायच्या फॉर्मवर ४०३ येतंय. लेखक पीएमपीच्या बसमध्ये उभा होता. या खेपेला मदत करायचीच म्हणून त्याने एका हाताने टाइप केलं, व्ह्यूच्या डोक्यावर सीएसआरएफ एक्झेम्प्ट लाव. लगेच चाललं. ‘थँक यू सर!’ पुढे दोन हात जोडलेले.

तीन आठवड्यांनी कोड उघडला तर तोच एक्झेम्प्ट सात ठिकाणी. कर्जवाटपाच्या फॉर्मवरसुद्धा. ४०३ वर हेच औषध, असं तिने इमानदारीने पाठ केलं होतं. दुसऱ्याच साइटने तुमच्या नावावर परस्पर फॉर्म भरू नये म्हणून जँगो दाराला जी कडी लावतो, ती लेखकाने बसमधून काढून ठेवायला सांगितली होती. वास्तविक फॉर्ममध्ये टोकनचा टॅग राहून गेला होता, बस. डीबग चालू असताना त्या ४०३ च्या पानावर कारणही लिहिलेलं असतं आणि टॅग कुठे टाकायचा तेही. ‘पान खालपर्यंत वाचून दाखव’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

तेव्हापासून लेखक उत्तराआधी तीन गोष्टी मागतो : त्रुटीच्या संदेशाची शेवटची ओळ, फोटो नव्हे तर मजकूर; जँगोची आवृत्ती; आणि कोणतं ट्युटोरियल समोर आहे ते. शेवटची ओळ अशासाठी की ट्रेसबॅक खालून वाचायचा असतो आणि नवशिका वरून वाचत जाऊन दहाव्या ओळीला हबकतो. बाकीच्या दोन्हींची गंमत वेगळी. बैलाचे दात बघून वय सांगतात, तसं काही चुकांवरून ट्युटोरियलचं वय सांगता येतं. फॉरेन की लिहिताना ‘ऑन डिलीट’ राहिल्याची तक्रार आली तर धडा बहुधा २.० च्या, म्हणजे डिसेंबर २०१७ च्या आधीचा. तिथपासून ते लिहिणं सक्तीचं झालं. ‘यूआरएल’ नावाचं फंक्शन इम्पोर्ट होत नसेल तर धडा डिसेंबर २०२१ च्या, ४.० च्या आधीचा. मूल मठ्ठ नाही, पुस्तक शिळं आहे, हे त्याला आधी सांगावं. जँगोच्या अधिकृत दस्तऐवजाच्या पानावर उजवीकडे खाली आवृत्ती बदलायची सोय असते, तीही बोटाने दाखवावी.

आणि कीबोर्ड हातात घेऊ नये. हा नियम लेखक अजूनही मोडतो.

सगळ्यांनाच इतका वेळ द्यावा, असं नाही. तीनदा मागूनही शेवटची ओळ न पाठवणारा मुलगा असतो. त्याला गृहपाठ करून हवा असतो. त्याला ‘नाही’ म्हणावं आणि झोपावं. पण पहिल्या निरोपावरून हा तो आहे की ती, हे ओळखता येत नाही. फोटो दोघांचेही तिरकेच येतात.

तुम्हीही कोणाला शिकवत असाल, तर आज रात्री एका रिकाम्या फोल्डरमध्ये जँगोची ताजी आवृत्ती घाला, तुमचा नेहमीचा लॉगआउटचा धडा तिच्यावर चालवून बघा, आणि मगच शनिवारी वर्गात या.