परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठविताना

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ महाविद्यालये उभी राहिली. आज या भागातील काही मुले उच्च शिक्षणासाठी जर्मनीसारख्या देशांत जातात. पालकांपुढे तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहतो : पैसे पाठविण्यास खर्च किती?

जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच ठेवणे, हा प्रचलित मार्ग होय. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, ठरविण्यात आली. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सुरू केलेल्या योजनेनुसार प्रत्येक निवासी व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. मात्र परकीय चलनाचा परवाना असलेल्या संस्थेकडेच जावे लागते. उसाचे बिल जमा होते त्या सहकारी बँकेकडे तो असेलच असे नाही.

पावतीवर दिसणारे शुल्क हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग विनिमय दरात दडलेला असतो. समजा, बाजारात युरो १०० रुपयांस आहे आणि बँकेने १०२ रुपये दर लावला. ११,९०४ युरोंमागे २३,८०८ रुपये अधिक गेले, आणि पावतीवर त्याची नोंदही नाही! चलन-रूपांतरावरील वस्तू व सेवा कर याच रकमेवर सुमारे १,०३० रुपये होतो.

दुसरी अडचण वाटेतील कपातीची. ‘स्विफ्ट’ ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था बँकांचे संदेश पोहोचविते, पैसे नव्हे. पैसे मध्यस्थ बँकांच्या खात्यांतून पुढे सरकतात, आणि त्या आपले शुल्क मूळ रकमेतूनच कापू शकतात. वीस युरो कमी पोहोचले तरी खात्यातील रक्कम अपुरी ठरते व व्हिसाचे काम अडू शकते. म्हणून अर्जात ‘सर्व खर्च पाठविणाराकडे’ हा पर्याय निवडावा. दोन-तीन बँकांना एकच प्रश्न विचारावा : पूर्ण ११,९०४ युरो तिकडे जमा होण्यासाठी येथून एकूण किती रुपये द्यावे लागतील?

उगमस्थानी गोळा होणारा आयकर हा मात्र खर्च नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवरही नाही. एरवी कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळविता येतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र कधीच न भरलेल्या बागायतदारानेही अशा वर्षी ते भरावे. अन्यथा ही रक्कम सरकारजमाच राहते.