घरी परतलेले सैनिक

परक्या शत्रूशी झालेले युद्ध संपले की सैनिक आपापल्या गावी परततात व गाव त्यांचे स्वागत करते. यादवी युद्धाची गोष्ट निराळी. तेथे ज्याच्यावर शस्त्र उगारले तो शेजारीच असतो, आणि युद्धानंतर पुन्हा त्याच्याच शेजारी राहावयाचे असते.

आफ्रिकेतील मोझांबिक देशापुढे हाच प्रश्न उभा राहिला. गोव्याप्रमाणेच या देशावरही पोर्तुगिजांची सत्ता होती. १९७५ साली तो स्वतंत्र झाला. परंतु लवकरच 'फ्रेलिमो' पक्षाचे सरकार आणि 'रेनामो' ही बंडखोर संघटना यांच्यात युद्ध जुंपले. त्यात सुमारे १० लाख लोक प्राणास मुकले. रेनामोने कित्येक मुलांना घरांतून पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे तह झाला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दोन्ही बाजूंच्या ७० हजारांहून अधिक सैनिकांना सेवामुक्त करण्यात आले. त्यांना गावी पोहोचविले, बियाणे व अवजारे दिली, आणि दोन वर्षे थोडी रक्कमही दिली. पोटाची सोय अशी झाली. पण मनाचे काय?

ते काम गावकऱ्यांनी अंगावर घेतले. काही खेड्यांत परतलेल्या मुलासाठी गवताची झोपडी उभारीत. तो आत जाऊन युद्धातील कपडे उतरवी. मग झोपडी पेटवीत, आणि घरचे माणूस त्याला हात धरून बाहेर आणी. कपडे झोपडीबरोबरच जळून जात. नंतर त्याला औषधी पाण्याने स्नान घालीत. 'तुझा भूतकाळ जळाला, तू आता आमचाच आहेस,' असा या विधीचा अर्थ होता.

१९९५ साली बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने आणखी एक उपक्रम सुरू झाला. जो शस्त्र आणून देई, त्याला शिवणयंत्र, सायकल किंवा शेतीची अवजारे मिळत. मोडलेल्या बंदुकांतून कलावंतांनी खुर्च्या व पुतळे घडविले.

तरीही सारीच शस्त्रे खाली ठेवली गेली नव्हती. २०१३ मध्ये पुन्हा चकमकी उडाल्या. २०१९ मध्ये नवा करार करावा लागला, आणि त्यानुसार रेनामोचे उरलेले सुमारे ५,२०० सैनिक २०२३ पर्यंत घरी परतले.

तहावर सही करावयास एक दिवस पुरतो; परंतु सैनिकाचा पुन्हा शेजारी होण्यास वर्षे लागतात. त्यासाठी त्याने शस्त्र सोडले पाहिजे, आणि गावाने दार उघडले पाहिजे.

स्वाध्याय
१. यादवी युद्धानंतर सैनिकांचे घरी परतणे कठीण का असते?
२. झोपडी जाळण्याच्या विधीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.