निकाल लागला, समेट राहिला

आजचं वाचन : मत्तय ५:२३-२६



चारच वचनं आहेत, पण त्यात दोन चित्रं आहेत. पहिल्यात एक माणूस अर्पण घेऊन वेदीपर्यंत पोचलाय आणि तिथे त्याला भावाची आठवण होते. दुसऱ्यात दोन वादी-प्रतिवादी कोर्टाच्या वाटेवर चाललेत.

पहिलं चित्र जरा सावकाश वाचा. त्या माणसाच्या मनात भावाविरुद्ध काही आहे, असं तिथे लिहिलेलं नाही. भावाच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे. भावाची तक्रार खरी की खोटी, हेही प्रभू सांगत नाही. मी इंजिनिअर माणूस, प्रत्येक आज्ञेत 'जर' शोधतो. तक्रार रास्त असेल तर जा, असं काहीतरी मला हवं होतं. ती अट तिथे नाहीच.

आणखी एक गोष्ट. हे ऐकणारे बरेच लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत. पायी तीनेक दिवसांचं अंतर. अर्पण तिथेच सोडायचं, गावी परत जायचं, भावाशी समेट करायचा आणि पुन्हा तीन दिवस चालत यायचं. म्हणजे प्रभूने आठवडाभराचं काम सांगितलंय.

गेल्या महिन्यात हे वचन मला एका वायनरीत उभं असताना आठवलं. (वाइन चालते की नाही, हा वाद आज नको. ऑफिसची सहल होती, गाडी मी चालवणार होतो, माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता.) कॅलिफोर्नियात नापा व्हॅलीत सेंट हेलेना गावाजवळ चार्ल्स क्रुग नावाची वायनरी आहे. प्रशियातून आलेल्या क्रुगने १८६१ मध्ये सुरू केलेली, त्या खोऱ्यातली सर्वांत जुनी. पाहुण्यांना चव घ्यायला बसवतात ती जागा म्हणजे १८७२ ची 'रेडवुड सेलर' ही इमारत. भिंती जाड, आत गारवा. बाकीचे ग्लास फिरवून वास घेत होते आणि मी भिंतीवरचे जुने फोटो बघत होतो. अमेरिकेत दीडशे वर्षांची इमारत म्हणजे आपल्याकडचा किल्लाच समजा.

१९४३ मध्ये इटलीहून आलेल्या चेझारे मोंडावी यांनी ही वायनरी ७५,००० डॉलरला घेतली, ती मुलांसाठी. थोरला रॉबर्ट, धाकटा पीटर. रॉबर्ट बाहेर फिरून माल विकणारा, खर्चाला सढळ. पीटर तळघरातला माणूस, एकेक पैसा मोजणारा. वडील १९५९ मध्ये वारले आणि दोघांना सांभाळून घेणारं माणूस गेलं. १९६५ मध्ये रॉबर्टने पत्नीसाठी घेतलेल्या एका महागड्या फरकोटावरून बोलाचाली झाली आणि ती हाणामारीपर्यंत गेली. दोघेही तेव्हा पन्नाशीचे. घरच्यांनी रॉबर्टला कामावरून बाजूला केलं. १९६६ मध्ये त्याने ओकव्हिलला स्वतःची वायनरी उभी केली. त्याच हायवेवर, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. १९७६ मध्ये निकाल लागला, रॉबर्टच्या बाजूने. म्हणजे कोण बरोबर, या प्रश्नाला सही-शिक्क्याचं उत्तर मिळालं. पण दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाइन करायला बसले ते २००५ मध्ये. तोपर्यंत दोघांनी नव्वदी ओलांडली होती. दोन्ही घरांची द्राक्षं मिसळून त्यांनी एकच पिंप भरलं आणि नापाच्या धर्मादाय लिलावात ते ४,०१,००० डॉलरला गेलं. वाइनचं नाव इटालियन होतं, अर्थ 'पुन्हा एकदा'. तीन वर्षांनी रॉबर्ट गेला. पीटर २०१६ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी.

एक गंमत सांगतो, पण तिचा उपदेश करू नका. कोर्टात जिंकलेल्या भावाची कंपनी २००४ मध्ये एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. हरलेल्याच्या घराकडे क्रुग अजून आहे. यातून कुणी 'बघा, देवाने न्याय केला' असं काढेल, पण मला ते पटत नाही. व्यवहारात असं होतं. माझं लक्ष गेलं ते १९७६ आणि २००५ यांच्यामधल्या वर्षांकडे. आमच्या कामात तिकीट क्लोज झालं तरी ग्राहकाचा फोन येतच राहतो, कारण त्याचा प्रॉब्लेम तसाच असतो. तसं काहीसं.

आता घरचं. आमच्या गावी पप्पा आणि काका यांच्यात बांधावरून वाद झाला, मी तेव्हा शाळेत होतो. अकरा वर्षं केस चालली. सरकारी मोजणी झाली, खुणेचे दगड बसले, निकाल आमच्या बाजूने लागला. सातबाऱ्यावर आता सगळं स्वच्छ आहे. आणि तेव्हापासून रविवारी पप्पा चर्चमध्ये उजवीकडच्या बाकावर बसतात, काका डावीकडच्या. प्रभुभोजनाच्या दिवशी आई काळ्या मनुका भिजवून, उकळून रस काढायची. तोच रस दोघेही घ्यायचे, एकाच टेबलावरून, आणि दोन दारांनी घरी जायचे. मंडळीतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. केस तर संपली होती ना.

इथे त्या दोन चित्रांतला फरक कामाला येतो. दुसऱ्या चित्रातली घाई वाटेपुरती आहे. कोर्टाच्या दाराशी ती संधी संपते, पुढे न्यायाधीश, शिपाई, तुरुंग आणि शेवटच्या दमडीचा हिशेब. आमच्या घरी ती वाट केव्हाच संपली. पण वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला प्रभूने कुठलीच मुदत घातलेली नाही. तो आज अर्पण घेऊन आला असेल, तर आज्ञा आज लागू आहे. आणि ज्याच्या भावाच्या मनात सल आहे, त्यानेच उठायचंय. जिंकलेल्या घरातला सल सहसा निकालाबरोबर निवतो, हरलेल्या घरातला राहतो. म्हणजे आमच्या बाबतीत उठायचंय ते पप्पांना. काकांना नाही.

मी हे फोनवर एकदा बोललो. पप्पा म्हणाले, "आपलं काय चुकलं ते सांग, मग जातो." प्रियांनो, त्यांचं खरंच काही चुकलं नव्हतं. बांध आमचाच होता. मत्तय ५:२३ सोडून त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि ते त्यांना माझ्याआधीपासून पाठ आहे.

नाताळाला मी गावी चाललोय. २५ तारखेला सकाळी उपासनेला निघायच्या आधी काकांच्या दारात जाऊ या, असं पप्पांना विचारणार आहे. बांधाचा विषय काढायचा नाही, नुसतं जाऊन बसायचं. काकांचं घर आमच्यापासून चौथं आहे. त्या सकाळीसाठी कृपया प्रार्थना करा. पप्पांसाठी, आणि काका दार उघडतील म्हणूनही.

उद्याचं वाचन : मत्तय ५:२७-३०