प्रदर्शनातील गुरांचे खाद्य
अमेरिकेतील पशुप्रदर्शनांत मांसासाठी वाढविलेले खोंड परीक्षकांपुढे आणले जातात, तेव्हा खोल गेलेली भकाळी हा दोष ठरतो. ती भरून दिसावी म्हणून साखर काढून उरलेला बीटचा वाळका चोथा भिजवून देतात. तो पाणी शोषून फुगतो. शिवाय त्यातील तंतू कोठीपोटात सहज पचतात. सरकीच्या टरफलांनीही पोट भरते, परंतु त्यांत पोषण अल्प असते. धान्य एकाएकी वाढविणे मात्र घातक होय. त्यातील पिष्ट झपाट्याने आंबते, आम्लता वाढते आणि जनावर चारा सोडते. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घेण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चोथ्याची सुरुवात प्रदर्शनाच्या बरीच आधी, थोड्या प्रमाणात करावी. आदल्या दिवशी घाईने खाद्य बदलल्यास हगवण वा पोटफुगी होऊन वर्षभराची मेहनत वाया जाण्याचा संभव असतो.