मिनी पोकलेनचा पंप झिजला, हे ओळखावे कसे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते व पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय यंत्राचा आहे, पण तो उसाच्याच वाटेवरचा आहे. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतील क्षारपड रानांत सच्छिद्र पाईप गाडून निचरा करण्याची कामे चालतात. ऊस तुटल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत जो काळ मिळतो, तेवढ्यात चर खोदून घ्यावे लागतात. या कामासाठी काही सभासदांनी कर्ज काढून मिनी पोकलेन घेतले आहेत. ऐन मे महिन्यात मशीन दम टाकून उभे राहिले, की मालकाचा हप्ता थकतो आणि ज्याचा चर अर्धा राहिला त्याचे रान आणखी एक पावसाळा चिबडते. अशा घाईत मिस्त्री येतो आणि सांगतो, "पंप गेला, नवा बसवा." पंप हा मशीनमधील महागड्या भागांपैकी एक. तो खरोखर गेला आहे काय, हे आधी पाहावे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पंप दाब तयार करीत नाही, तो फक्त ऑईल ढकलतो. पुढे अडथळा आला की दाब चढतो. पंपाच्या आतले भाग झिजले म्हणजे ढकललेले ऑईल फटीतून मागे पळते. ऑईल थंड व जाड असते तोवर फटीतून थोडेच निसटते. तापून पातळ झाले की फार निसटते. म्हणून सकाळी मशीन झकास चालते आणि दोन तासांनी बूम रेंगाळू लागतो. झिजलेल्या पंपाची ही पहिली खूण होय.

आता नेमके काय मंद झाले ते पाहावे. नुसता बकेटचा सिलिंडर मंद असेल तर पंपाला दोष देऊ नये. सिलिंडरचे सील किंवा त्याचा व्हॉल्व्ह बघावा. सगळेच मंद असेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा टाकीतील जाळी यांपैकी काहीतरी आहे. लिव्हर ओढल्यावर इंजिनच दबत असेल, धूर टाकत असेल, तर पंप ताकद मागतो आहे आणि इंजिन देत नाही. तेथे डिझेल फिल्टर व एअर फिल्टर आधी उघडावा. एकच चेन मंद चालत असेल तर दोन्ही चेनचे होज व्हॉल्व्हपाशी आलटून-पालटून जोडून बघावेत. मंदपणा दुसऱ्या चेनला गेला तर दोष पंपाच्या त्या भागात किंवा व्हॉल्व्हमध्ये; तेथेच राहिला तर चेनच्या मोटारीत.

कानही उपयोगी पडतो. पंप किंचाळत असेल तर त्याला ऑईल पुरेसे मिळत नाही. जाळी तुंबली असेल किंवा पातळी खाली गेली असेल. टाकीत फेस दिसला तर ओढणाऱ्या पाईपची क्लिप सैल होऊन हवा शिरते आहे. ऑईल दुधाळ झाले व उभे ठेवूनही निवळत नाही, तर पाणी शिरले आहे. चार रुपयांच्या क्लिपपायी पंप बदललेले मालक आम्ही पाहिले आहेत.

यानंतर गेज. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या जागी 400 बारचे गेज लावावे, सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन लिव्हर क्षणभरच धरावा आणि आकडा पुस्तकाशी ताडून पाहावा. थंडपणीही दाब कमी आणि इंजिनचा वेग वाढवूनही तेवढाच राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. त्यात कचरा अडकतो किंवा स्प्रिंग बसते. थंडपणी दाब पुरेसा, तापल्यावर घसरतो आणि वेग वाढवला की थोडा सावरतो, तर पंप झिजला असे समजावे. पिस्टन पंप असेल तर त्याच्या ड्रेन पाईपचे ऑईल स्वच्छ डब्यात एक मिनिट धरून मोजावे. पुस्तकातील मर्यादेपेक्षा जास्त आले की वाद मिटला. ड्रेनचे तोंड मात्र कधीही बंद करू नये, सील उडते.

हात लावण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लिव्हर हलवून दाब सोडावा. होजमधील बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, दुखतही नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो आणि मग बोट किंवा हात गमावतो. असे झाले तर हळद लावून बसू नये. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे आणि ऑईल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पंप खोलायचा तर स्वच्छ जागी, रानातल्या धुळीत नव्हे. गिअर पंपात ऑईल ओढण्याच्या बाजूला बॉडीवर दात्यांचा हलका माग असतो, तो चालतो. नखाला लागेल इतकी खाच पडली असेल तर नुसते सील किट घालणे म्हणजे पैसे पाण्यात, पंपच बदलावा. पिस्टन पंपात व्हॉल्व्ह प्लेट व पिस्टनच्या चपट्या टाचा बघाव्यात. प्लेटवर बारीक ओरखडे असतील तर चांगल्या वर्कशॉपमध्ये लॅपिंग करून मिळते. टाच पिस्टनवर खुळखुळत असेल तर संच बदलणे आले.

जुन्या पंपाचा चुरा टाकीत, कूलरमध्ये व होजमध्ये बसलेला असतो. तो तसाच ठेवून बसवलेला नवा पंप थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो. टाकी उतरवून धुवावी, जाळी व सर्व फिल्टर बदलावेत, ऑईल पुस्तकातील ग्रेडचेच घ्यावे. पिस्टन पंपाच्या पोटात सुरू करण्यापूर्वी स्वच्छ ऑईल भरावे, कोरडा फिरवू नये. मग मंद वेगावर हवा निघेपर्यंत चालवावे आणि 50 तासांनी फिल्टर पुन्हा उघडून आत चकाकी दिसते का ते पाहावे.